काडीचं वजन

६ जून

ताईस,

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला. तू तो घेणार नाहीस, पण कागद तर उघडलास. घरच्या पत्त्यावर पाठवला असता तर माझं अक्षर बघूनच कचऱ्यात गेला असता. म्हणून कॉलेजच्या पत्त्यावर टाकतोय. शिपाई आणून टेबलावर ठेवणार, चार जणी बघणार, मग तुला उघडावंच लागणार. फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तेव्हा पहिल्या रिंगला "हॅलो, सिस्टर बोलतेय" म्हणालीस, आणि माझा आवाज ऐकल्यावर ठेवून दिलास.

काडीची खबर द्यायची आहे. माझी बायको म्हणून तू तिला ओळखत नाहीस, ठीक. पण समोरच्या टेलरची मुलगी म्हणून तर ओळखतेस? आठवीपासून जिला आपल्या पायरीवर बसवून शिकवलंस, हाडं मोजून जिचं नाव काडी ठेवलंस, आणि ही एक दिवस आपल्या नर्सिंग कॉलेजात येणार म्हणून सगळ्या गल्लीला सांगत सुटली होतीस, ती.

तिचं वजन साडेएकोणचाळीस झालंय.

तुमच्या कॉलेजच्या अटी मला पाठ झाल्यात. शाळेत सनावळ्या पाठ झाल्या नाहीत, या झाल्या. बारावी, त्यात जीवशास्त्र. मार्क. वय. उंची. डोळे, कान, दात. लस टोचलेली असावी. हॉस्टेलवर राहायचं, घरी नाही. लग्न झालेली चालते. आता चालते, तुझ्या वेळी चालत नव्हती, त्यावर मी काही बोलत नाही. बारावी होऊन तीन वर्षांच्या वर झालेली चालत नाही. आणि वजन किमान चाळीस.

काडीचं हे तिसरं वर्ष. म्हणजे शेवटचं. ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

मागच्या जुलैत काट्याशी तूच उभी होतीस. सदतीस भरलं. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, जा गं बाई, दोन तांबे पाणी पिऊन ये. तू पेन उचललंस आणि म्हणालीस, "पुढची." तिला जिने हाताला धरून पेशीचं चित्र काढायला शिकवलं, ती म्हणाली, पुढची. काडी चालत घरी आली. रिक्षातसुद्धा बसली नाही. मला म्हणाली, "ताईंचं बरोबर आहे रे, ऐंशी किलोचा पेशंट कुशीवर वळवायचा तर अंगात काहीतरी हवं." तुझी बाजू घ्यायची तिला सवयच आहे. मला नाही.

तुझा राग माझ्यावर होता, काढलास तिच्यावर. तू म्हणाली होतीस, तिला शिकू दे, मग लग्न कर. मी म्हणालो, लग्न करतो आणि मीच शिकवतो. तू हसलीस. ते हसू मी विसरलेलो नाही. त्या हसण्यावर मी इथे इतक्या लांब आलो आणि टिकलो.

इथे मी लिफ्ट बसवतो. नवीन हॉस्पिटल बांधतायत, त्यात स्ट्रेचर जाईल एवढी मोठी लिफ्ट आमच्याकडे आहे. दिवसभर शाफ्टमध्ये. वर बघितलं तर आभाळाचा चौकोन, खाली खड्डा. तू म्हणायचीस माझ्या पायाला भिंगरी आहे. बेकरी सोडली, गॅरेज सोडलं, रंगकाम सोडलं. पण शाफ्टमध्ये भिंगरी चालत नाही, इकडेतिकडे जायला जागाच नाही, फक्त वर आणि खाली. आमचा हेड आहे, त्याला सगळे उस्ताद म्हणतात. तो म्हणतो, एवढे दिवस टिकलेला चंचल माणूस मी पहिल्यांदा बघतोय.

इथून मी खजूर पाठवतो, शेंगदाणे पाठवतो, तुपाचा डबासुद्धा पाठवला. फेब्रुवारीच्या शेवटी रजेवर आलो तेव्हा स्वतः समोर बसून तिला खायला घातलं. तेव्हा तुझ्या दारावरूनही गेलो होतो, पण जाऊ दे. काडीचे वडील म्हणाले, पोरीच्या ड्रेसची शिवण उसवावी लागली, टेलर असून आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या आनंदाने शिवण उसवली.

जुलैत ती येईल. अर्धा किलो राहिलाय, तो भरतोच. मग कुठली अट काढतेस ते बघतो.

तुझा भाऊ


१४ जुलै

ताई,

आता नमस्कारही नाही.

एक्केचाळीस. काडीने काट्यावरून उतरताच मला मेसेज टाकला होता, एक्केचाळीस! मी शाफ्टमध्ये होतो, परांचीवर, कमरेला बेल्ट. ओरडलो. वर-खाली सगळ्या मजल्यांवर आवाज गेला. उस्ताद घाबरला, त्याला वाटलं कोणी पडलं. मी म्हणालो, कोणी पडलं नाही, बायकोचं वजन भरलं. सगळे हसले. गवंडी, प्लंबर, लाद्या बसवणारे, सगळ्यांना कळलं. दुपारी मी सगळ्यांना केळी वाटली. लोकं पोरगा झाल्यावर वाटतात, मी एक किलोवर वाटली.

संध्याकाळी फोन केला तर सासूबाई. काडी बोलत नाही म्हणाल्या. झोपली. तिला घेतलं नाही म्हणे. कशाने? "त्यांनी वैद्यकीय कारण सांगितलं." कसलं वैद्यकीय? वजन भरलं ना? तर म्हणाल्या, "ताईंनाच विचारा, मला त्यातलं काही समजत नाही." आणि पाठीमागे सासरेबुवांचं मशीन चालल्याचा आवाज. तो माणूस भरभर मशीन चालवतो तेव्हा समजायचं, काहीतरी बोलायचं टाळतोय.

ताई, मला एवढंच कळलंय. मुलाखत चांगली झाली. यादीत तिचं नाव वर होतं. उंची भरली, डोळे भरले, वजन भरलं. डॉक्टर सही करणार तेवढ्यात तू उठलीस, तिला पडद्यामागे घेऊन गेलीस आणि काहीतरी विचारलंस. दोन मिनिटांत ती बाहेर आली आणि रडत निघून गेली. हे तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलीने सासूबाईंना सांगितलं.

काय विचारलंस?

मागच्या वर्षी अंगात तीन किलो कमी म्हणून काढलं. या वर्षी काय जास्त झालं? तुला तिच्यात खोटच काढायची होती तर आठवीतच सांगायचं होतंस, की बाई तू माझ्या भावाच्या नादी लागणार आहेस, तुझा अभ्यास मी घेत नाही. पाच वर्षं पायरीवर बसवलीस कशाला? माझा सूड माझ्यावर घे ना. मी काय पळून चाललोय? बरं, पळून आलोय. तरी पत्ता पाठीमागे लिहिलाय.

मला उत्तर हवं. कॉलेजच्या कागदावर नको, तुझ्या अक्षरात हवं.


२१ जुलै

ताई,

कळलं.

चार दिवस काडी फोनवर आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, "मी सांगते, पण मधे बोलू नकोस." मी मधे बोललो नाही. ती म्हणाली की वजन खजुराचं नव्हतं.

मी परांचीवरून खाली उतरलो, खड्ड्यात बसलो. खड्डा म्हणजे लिफ्टच्या खालची जागा, तिथे ऊन येत नाही, कोणी येत नाही. तिथे बसून मी बाप झालो. म्हणजे मला कळलं की होणार. आणि कशावरून कळलं? तुमच्या कॉलेजच्या एका नियमावरून. लोकांना बायको लाजत सांगते, आई सांगते, डॉक्टर हात हातात घेऊन सांगतो. मला अट सांगून गेली.

सगळ्यांना माहीत होतं ताई. सासऱ्यांना माहीत होतं. टेप लावणारा माणूस, त्याला दंड तेवढेच, खांदे तेवढेच आणि कंबरच वाढली हे कळणार नाही? दुसऱ्यांदा शिवण उसवली तेव्हाच कळलं होतं त्याला. गप्प बसला. मला फोनवर सांगत राहिला, जावईबापू, तुमचे खजूर लागू पडले. काडीलाही माहीत होतं, जूनपासून. तिने ठरवलं होतं की हेच वजन काट्यावर चढवायचं. चाळीस भरायला तिला दुसरा रस्ताच दिसेना. एकदा आत गेले की पुढचं पुढे बघू म्हणाली. बघ किती हुशार विद्यार्थिनी होती तुझी.

आणि तुलाही दिसलं. काट्यावरून उतरताना ती हात कुठे ठेवते ते तू बघितलंस. इतकी वर्षं वॉर्डात घालवल्यावर तुला काय दिसणार नाही?

पण विचारलंस कशाला?

डॉक्टरने विचारलं नव्हतं. कागदावर वजन एक्केचाळीस लिहून झालं होतं. ती चार महिने ढगळ कपड्यात काढू शकली असती. तू उठली नसतीस, पाणी प्यायली असतीस, खिडकीबाहेर बघितलं असतंस, तर ती आज हॉस्टेलच्या खोलीत गादी झटकत असती. आयुष्यात एकदा न बघितल्यासारखं करायला काय झालं असतं तुला? मला लहानपणी ताप आला की थर्मामीटर काढून तू दिव्याखाली धरायचीस आणि अर्धा पॉइंटसुद्धा इकडचा तिकडे करायची नाहीस. "शाळेत जायचंय, थोडाच आहे, कमी सांग ना," म्हटलं तर म्हणायचीस, "पारा मी चढवत नाही आणि उतरवत नाही." तशीच राहिलीस.

काडी पुन्हा फोन उचलत नाही. मी त्या दिवशी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही. मी काही वाईट शब्द वापरला नाही. फक्त हिशोब केला, मोठ्याने. फेब्रुवारीपासून. बोटांवर. एवढंच.

तिने फोन ठेवला.

तिचा राग मला समजत नाही असं नाही. पण माझ्या जागी कोणीही असता तरी. बरं, जाऊ दे.


११ ऑगस्ट

ताई,

पत्र परत आलं. आधी वाटलं पत्ता चुकला. उघडलं तर लाल पेन. माझ्या अख्ख्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ तू दुरुस्त केलेत. 'हिशोब केला, मोठ्याने' त्याच्याखाली दोनदा रेघ, आणि शेजारी काही नाही. शेवटी एक ओळ: 'मी विचारलं नसतं तर जागा गेली असती. कशी, ते काडीला विचार. ऐकून घेण्याएवढी नम्रता असेल तर.'

दोन दिवस मला समजेना, यावर हसावं की खड्ड्यात उडी टाकावी. उस्तादला दाखवलं. त्याने चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाला, "बहीण आहे की हेडमास्तर?" मी म्हणालो, "दोन्ही. आई पण तीच होती." तो म्हणाला, "मग तुझं कठीण आहे."

काडीला विचारलं. म्हणजे आधी सासूबाईंना विनवलं, मग सासऱ्यांना, मग काडी आली. आवाज असा की जणू मी विमेवाला. "हां. बोल. काय विचारायचंय?"

तिने सांगितलं ते असं. लपवून आत गेली असती आणि नंतर कळलं असतं, आणि कळलंच असतं, तर नाव कायमचं गेलं असतं. पण निवड झालेल्या मुलीने तपासणीच्या वेळीच स्वतःहून कारण सांगितलं, तर तिची जागा पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवता येते. तीन वर्षांची अट निवडीच्या दिवशी बघतात, रुजू होण्याच्या नाही. डॉक्टरची सही व्हायच्या आत सांगावं लागतं. म्हणून तू उठलीस. म्हणून पडद्यामागे. तू विचारलंस आणि तिच्याकडून वदवून घेतलंस, आणि कागदावर लिहिलंस की उमेदवाराने स्वतः सांगितलं.

मग मला हे त्याच दिवशी का नाही सांगितलं? मी म्हणालो काडीला. ती म्हणाली, "मी सांगणारच होते. त्याच फोनवर. तू मोजायला लागलास."

ठीक.

पण ताई, तुझी ती अट. ती मात्र मी गिळणार नाही. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर ते कोण सांभाळणार हे घरच्या कोणीतरी कॉलेजात येऊन सांगायचं, हा नियम. कोणीतरी. सासूबाई तयार आहेत. त्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे, तरी तयार आहेत. आणि तू काडीला काय म्हणालीस? "आजी नको. मावशी नको, शेजारी नको. बाप येणार असेल तर मी शिफारस करते, नाहीतर जागा राखायची चिठ्ठी माझ्या टेबलावरून हलणार नाही." काडी म्हणाली, तो एवढा लांब आहे, त्याचं काम आहे. तर तू म्हणालीस, "आजी सांभाळेल आणि हा तिकडून खजूर पाठवत बसेल. महिने मोजता येतात ना त्याला? मग बाटल्याही मोजेल."

हे वाक्य काडीने मला दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा जरा हसून.

ही अट कुठल्या पुस्तकात आहे ते दाखव. मला सगळ्या पाठ आहेत. उंची आहे, दात आहेत, बापाने घरी बसावं असं कुठेही नाही. ही कॉलेजची अट नाही, तुझी आहे. पारा चढवत नाही आणि उतरवत नाही म्हणायचीस, मग हे काय केलंस?

आणि मला माहीत आहे कशावरून आलंय हे. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. तू चार वर्षं मला कडेवर घेऊन काढलीस आणि वयाच्या अगदी काठावर कॉलेजात गेलीस, हे मी जन्मभर ऐकत आलोय, ऐकवणारी तूच. मग तू हॉस्टेलला गेल्यावर बाबा कामावर जाताना मला समोर टेलरकडे सोडायचे. मी त्याच्या मशीनखाली वाढलो, चिंध्यांत. तू रविवारी यायचीस, माझ्या केसांतले दोरे काढायचीस आणि बाबांशी भांडायचीस. बाबा म्हणायचे, "बाईमाणसाचं काम मला जमत नाही." तू तेव्हा बाबांना जे करायला लावू शकली नाहीस ते आता माझ्याकडून करून घेतेस. मी बाबा नाही, ताई. बाबांचं बिल माझ्या नावावर फाडू नकोस.

आणि वेळ बघ कशी साधलीस. परवा उस्ताद म्हणाला, "जानेवारीपासून तुझी वेगळी गँग. चार पोरं तुझ्या हाताखाली, पुढची बिल्डिंग तुझी." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की अमुक गोष्ट तुझी.

मी येणार नाही. काडीला तसं कळवतोय.


५ ऑक्टोबर

ताई,

मधे लिहिलं नाही. तूही वाट बघत नव्हतीस.

काडीला कळवलं होतं की येणार नाही. मला वाटलं रडेल, भांडेल, तुला शिव्या घालेल. ती म्हणाली, "बरं." मी म्हणालो, बरं काय? म्हणाली, "येऊ नकोस. मी तुला बोलावलेलं नाही, ताईंनी बोलावलंय. तुझं नि त्यांचं तुम्ही बघा. तुमच्या दोघांच्या रस्सीखेचीत मी दोरी व्हायची नाही." मग म्हणाली, "आणि आलास तर आठ दिवसांसाठी येऊ नकोस. राहायला ये. नाहीतर मला दोन पोरं सांभाळावी लागतील."

मी विचारलं, तुझ्या जागेचं काय? तर म्हणाली, "जागा जाईल. आणखी काय होईल? बाबांच्या दुकानात काजबटण करीन. ते मला येतं." काजबटण करीन, हे ती म्हणाली. जी मुलगी आपल्या पायरीवर बसून माणसाच्या शरीरातली सगळी हाडं पायापासून डोक्यापर्यंत न अडखळता म्हणायची, ती.

काल आमच्या लिफ्टची लोड टेस्ट झाली. म्हणजे लिफ्टच्या पाळण्यात वाळूच्या गोण्या भरतात, जेवढं वजन तिने उचलायचं आहे तेवढं, वर थोडं जास्त. मग चालवून बघतात. इन्स्पेक्टर उभा असतो. आम्ही गोण्या भरत होतो आणि मला हसू आलं. उस्ताद म्हणाला, "काय रे?" मी म्हणालो, "आपल्याकडे वजन भरून पास करतात, माझ्या बायकोला वजन भरलं म्हणून नापास केलं." तो म्हणाला, "नापास कुठे केलं? तूच म्हणालास ना, जागा ठेवलीय. अडकवलीय ती तू."

मला राग आला. मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात गँग घे." तो म्हणाला, "म्हणालो. अजूनही म्हणतो. पण तिकडे तुझी बायको गोणीसारखी उभी आहे आणि तू इकडे बटण दाबत नाहीस. घे काय घ्यायचं ते, पण मधल्या मजल्यावर लटकू नकोस. मला लटकलेली लिफ्ट आवडत नाही, आत माणूस असो वा नसो."

लिफ्ट पास झाली. सातव्या मजल्यापर्यंत गेली, न हलता थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. इथे कोणीतरी स्ट्रेचर ढकलत आणेल, बाजूला पांढऱ्या कपड्यात कोणीतरी सलाईनची बाटली वर धरून चालत येईल. ती काडी नसेल हे तर मला आधीपासून माहीत होतं, हे हॉस्पिटल एवढं लांब. पण कुठल्याच लिफ्टमध्ये ती नसेल, हे मला काल पहिल्यांदा दिसलं.

तू जिंकलीस. हे दोन शब्द तीनदा खोडले, रागाने, दुसऱ्या कशाने नाही.

उस्तादला सांगितलं की जानेवारीची गँग लंब्याला दे. लंब्या माझ्यानंतर आलाय, त्याला ओळंबासुद्धा सरळ सोडता येत नाही. उद्यापासून तो माझ्याकडे बघून हसेल. हसू दे. हसण्यावर टिकायची मला सवय आहे.


१८ नोव्हेंबर

ताई,

हे शेवटचं. उद्या निघतोय. हे पत्र माझ्या आधी पोचेल की मी, सांगता येत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो.

मी येतोय म्हणजे समेट झाला असं समजू नकोस. तू विचारलंस ते बरोबर केलंस, हे मी मान्य करतो. पण मला एका ओळीत कळवलं असतंस तर मी मोजायला बसलो नसतो. बसलोच नसतो असं नाही. पण कदाचित मनातल्या मनात मोजले असते. लाल पेन होतं, शाई होती, तिकीट होतं. तुला माझी चूक दुरुस्त करायची होती, होण्याआधी थांबवायची नव्हती. तू अशीच आहेस, चूक पूर्ण होईपर्यंत थांबतेस आणि मग पेन काढतेस.

सोबतचे लोक काल मला निरोप द्यायला बसले होते, जेवणाच्या सुट्टीत. लंब्या म्हणाला, "बायको सिस्टर, हा आया!" सगळे खिदळले. मीही हसलो, काय करतो. उस्तादने लोड टेस्टमधली एक छोटी गोणी उचलली, वाळूची, आणि माझ्या हातावर ठेवली. "धर. असं नाही, कोपरात. मान कुठाय हिची? मान धर, मान!" मी म्हणालो, गोणीला मान नसते. तो म्हणाला, "पोरालाही नसते सुरुवातीला, म्हणून तर तू धरायची." त्याची चार आहेत. एकाचीही मान त्याने कधी धरली नसेल, जन्मभर साइटवरच होता. पण त्या गोणीला त्याने एवढं हळू माझ्या हातावर ठेवलं की खिदळणं थांबलं. गोणी गळकी होती, माझ्या शर्टात वाळू गेली. अजून टोचतेय.

काडीला सांगितलं निघतोय. ती म्हणाली, "तुझे खजूर लाथा मारतायत." महिन्यांनंतर ती अशी बोलली. मी काही मोजलं नाही.

आता कामाचं. तुमच्या कॉलेजात घरच्याने येऊन सांगायचं असतं ना, त्या दिवशी मी येईन. हॉस्टेलात बाळ चालत नाही, हे माहीत आहे. तिला सुट्टी कधी, भेटायला कधी आणायचं, दूध काढून ठेवायचं तर कसं ठेवायचं, हे तुलाच सांगावं लागेल. दुसऱ्या कोणाला विचारायची मला लाज वाटते, तुझ्याशी भांडण आहे म्हणून वाटत नाही. सासऱ्यांना बजावून ठेवलंय की बाळ मशीनखाली ठेवायचं नाही, एक दिवससुद्धा नाही. ते म्हणाले, "तू वाढलास की." मी म्हणालो, म्हणूनच.

मी टिकेन की नाही ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. बेकरी, गॅरेज, रंगकाम, लिफ्ट, तुझ्याकडे पाठ असेल सगळी यादी. या कामात वर-खालीसुद्धा नाही, एकाच खोलीत बसायचं. पण ते सोडून पळायला कुठला मजला नाही.

माझं वजन एकसष्ट. उंची भरते. डोळे, कान, दात जागेवर आहेत. लस टोचलेली आहे, तूच धरून नेलं होतंस, दंडावर खूण आहे. शिक्षण आठवी नापास, निकालही तूच आणला होतास. काट्यावर चढवायचं असेल तर चढव. फक्त पडद्यामागे नेऊ नकोस, जे विचारायचं ते सगळ्यांसमोर विचार, मी सगळ्यांसमोर उत्तर देईन.

आणि कागदावर काय लिहायचं ते लिही, पण पेन उचलून "पुढचा" म्हणू नकोस. माझ्या मागे रांगेत कोणी उभं नाही.

तुझा,
मशीनखालचा